पंख्याचे चार बोल्ट

माझ्या गॅरेजात शिरणारा माणूस टेम्पोवाला असो, नाहीतर लग्नाला गाड्या भाड्याने देणारा असो, निघताना एकच वाक्य बोलायचा. "हरूदादा, एकदम चकाचक पाहिजे." वसईजवळच्या उमेळ्यात माझी उभी हयात हे वाक्य ऐकण्यात गेली. गिऱ्हाइकाचं तरी काय चुकतं म्हणा. गाडी आठवडाभर माझ्याकडे अडकवून ठेवायची तर केलेलं काम डोळ्यांना दिसायला नको? इंजिनाच्या पोटातलं काम कुणाला दिसत नाही, वरचा मुलामा मात्र आंधळ्यालाही दिसतो.

जूचंद्रच्या गोपाळशेठचंच घ्या. भातशेती करणारा दिलदार माणूस, आणि जीपवर पोटच्या पोरासारखा जीव. त्याने बंपर सोडाच, बॉनेटच्या बिजागऱ्या, वायपरचे दांडे, आरशाची कांब, सगळ्याला क्रोम करून घेतलं. मी दोनदा नको म्हणालो, पण ऐकतो कोण. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी स्वारी बॉनेटवर टॉवेल पांघरून हजर.

"दादा, डोल्यांवर ऊन येतं, रस्ताच दिसं नाय. पानी वतल्यावानी चमकतंय सगलं."

बिजागऱ्या मी पुन्हा काळ्या करून दिल्या. दोष अर्थातच माझ्यावर आला, पण गोपाळशेठ तेव्हापासून माझा मित्र झाला तो कायमचा.

अशा या चकाचकीच्या जगात एकच गिऱ्हाईक मला वेगळं भेटलं. ते म्हणालं, "चमकवलंस तर याद राख." ते गिऱ्हाईक म्हणजे फिलूमामी. दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहा म्हटल्यावर मला इंजिनं आठवली नाहीत, फिलूमामी आठवली आणि तिच्या गाडीचे बोल्ट आठवले.

फिलूमामी आमच्या गावच्या डॉक्टर इनासमामांची बायको. डॉक्टरांकडे एक इंग्लिश बनावटीची काळी गाडी होती. गोरा साहेब मायदेशी परतताना विकून गेला, ती. कंपनीचं नाव सांगत नाही, आम्ही तिला 'डॉक्टरची काळी' म्हणायचो. डॉक्टरांच्या हाताला गुण मोठा, पण गाडी चालवणं त्यांना काही जमलं नाही. एकदा त्यांनी ती थेट पानवेलीच्या मांडवात घातली, त्या दिवसापासून चाक मामीच्या हातात गेलं ते गेलंच. लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली मामी गाडी हाणते आहे, शेजारी मांडीवर पेटी घेऊन डॉक्टर जीव मुठीत धरून बसले आहेत, हे दृश्य आमच्या पंचक्रोशीने वर्षानुवर्षं पाहिलं. किती बाळंतपणं त्या गाडीमुळे वेळेवर पार पडली असतील, देव जाणे.

डॉक्टर गेले आणि गाडी केळीच्या वाडीतल्या छपराखाली उभी राहिली. ते छप्पर डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. हळूहळू मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वसई स्टेशनच्या बाजूने वाड्यांमध्ये इमारती उगवायला लागल्या होत्या. एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मामी माझ्याकडे आली, ती धाकट्या दिराशी भांडत भांडतच. दीर म्हणजे पावलूकाका. आडवा बांधा, मोठा आवाज, मन त्याहून मोठं, पण ते तो कुणाला दाखवायचा नाही. वाडीच्या मागच्या अंगाला त्याने इमारत काढायची ठरवली होती, आणि तिथून गावच्या रस्त्याला जाणारी सरळ वाट नेमकी डॉक्टरांच्या छपरातून जात होती.

"हरू, तूच सांग वैनीला," पावलूकाका म्हणाला. "गाडीत कोंबड्या अंडी घालतात. तिच्यासाठी काय मी रस्ता वाकडा करू?"

"अंडी खाताना गोड लागतात तुला," मामी म्हणाली.

मग तिने पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली भरणार होती. त्यात एक वेगळा गट होता. कारखान्यातून निघाली तशीच्या तशी राखलेली गाडी असेल तर तपासून तिला निळी फीत देणार. मामीने कात्रण दिराच्या नाकासमोर धरलं. "माझ्या गाडीला ही फीत मिळाली तर मग ती भंगार काय?"

पावलूकाका पोट धरून हसला. "फीत आण, मी रस्ता वाकडा करतो. नाय आणलीस तर छप्पर मी उतरवणार. कबूल?"

"कबूल."

दोघांनी माझ्यासमोर हातावर हात मारले. काका हसत निघून गेला आणि मामी मात्र बाकावर बसून राहिली. इतकी धीट बाई, पण आता हळू आवाजात बोलली.

"हरू, डाक्टरांचा हात लागलेलं तेवढंच उरलंय रे. घराला रंग दिला, दवाखाना मोडला. ते छप्पर मला पाडू द्यायचं नाय. गाडी आली तेव्हा होती तशी कर. चमकवलंस तर याद राख."

मी हो म्हणालो. आपण काय कबूल केलं ते मला रात्री जेवताना उमगलं.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. जुनी गाडी पूर्ववत करायची म्हणजे लोकांना वाटतं रंग द्यायचा, सीट शिवायची, झालं. पण तपासणारा माणूस रंगाकडे एकदाच बघतो, बोल्टाकडे दहादा. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे, आणि त्यांचे आटेही दोन जातींचे, जाड आणि बारीक. आपल्या बाजारातला मिलिमीटरचा बोल्ट त्यात दोन फेरे गुण्यागोविंदाने जातो आणि तिसऱ्याला दात खातो. पुढे दामटला तर आटे गेले. शिवाय पेचांच्या डोक्यावर सरळ एकच खाच असायची. स्टारचा पेच त्या गाडीत दिसला की समजावं, नंतर कुणाचा तरी हात पडला आहे. आणि बोल्टाच्या डोक्यावर तो घडवणाऱ्या कारखान्याची बारीक उठावदार अक्षरं. माप, आटे, डोकं, अक्षरं, सगळं जुळलं तरच तो बोल्ट त्या गाडीचा.

यावर रंगाची भानगड निराळीच. बंपर आणि दरवाजाच्या मुठी क्रोमच्या, हे सगळे जाणतात. पण डॅशबोर्डचे पेच निकेलचे, त्यांची चमक किंचित पिवळसर, उबदार. स्प्रिंगांजवळचे बोल्ट तेलात काळवलेले. आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारे बरेचसे बोल्ट कॅडमियमचे. कॅडमियम म्हणजे न घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपासारखा मंद राखाडी रंग. तो मुलामा गंजू नये म्हणून, मिरवायला नाही. कारखान्याने जिथे मंद ठेवलं तिथे आपण चमकवलं तर तपासणारा मान हलवतो आणि गुण कापतो. चांगलं काम केल्याबद्दल गुण कापले जातात असा धंदा दुसरा कुठला असेल, मला माहीत नाही.

गाडी उलगडायला मी सुरुवात केली. काढलेले बोल्ट डब्यात टाकले की सगळा काला होतो, म्हणून माझी एक युक्ती होती. आमच्या वाड्यांत पोफळीची झावळी गळते, तिच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद विरी असते. ती वाळवून तिला भोकं पाडायची आणि बोल्ट जसे गाडीत होते त्याच मांडणीने तिच्यात खोचायचे. एक विरी रेडिएटरची, एक डाव्या दाराची. गॅरेजच्या भिंतीवर अशा विऱ्या ओळीने टांगल्या. बघणाऱ्याला वाटायचं हरूदादाने पापडाचा धंदा काढला.

मामी रोज संध्याकाळी यायची आणि भिंतीसमोर उभी राहायची. "हा वायसर खाली होता, वर नाय." बोल्टाखालची ती चकतीसुद्धा तिला पाठ होती, कारण डॉक्टर कुठे पेशंटकडे अडकले की ही बॉनेट उघडून बसायची. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दोनदा घालून पाहिला.

मुलाम्याचं काम मी नालासोपाऱ्याच्या बाबू पॉलिशवाल्याला दिलं. बाबूचं दुकान म्हणजे एका भिंतीला देवळातल्या समया, दुसऱ्या भिंतीला चर्चमधल्या मेणबत्त्यांचे स्टँड. गणपती आला की समया, फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, आली की स्टँड. दोन्ही धर्मांचे देव बाबूच्या हातच्या चमकीवर खूश होते. मी त्याला तीन विऱ्या दिल्या, वर तीनतीनदा बजावलं की या कॅडमियममध्ये बुडव आणि तसंच दे, पुढे काही करू नको.

त्याने दोन विऱ्या सांगितल्याप्रमाणे केल्या. तिसरी इंजिनाची होती, आणि ती हातात घेताना त्याने चौकशीला गेलेल्या माझ्या गॅरेजच्या पोराला सहज विचारलं की गाडी कुणाची. डॉक्टर इनासची, हे कळल्यावर बाबूचे डोळे भरून आले. त्याच्या मुलीचा विषमज्वर डॉक्टरांनी उतरवला होता. मग त्याने ठरवलं, या कामात हात आखडता घ्यायचा नाही.

मी आणायला गेलो तर बाबूने बोल्ट मखमलीवर मांडले होते. आरशासारखे. प्रत्येकात माझा चेहरा दिसत होता, आणि तो चांगला दिसत नव्हता.

"वर काहीतरी दाणे दाणे उठलेले होते," बाबू अभिमानाने म्हणाला. "ते आधी घासून काढले. मग क्रोम. डॉक्टरांच्या गाडीला दुसऱ्या-तिसऱ्यासारखं देऊन कसं चालेल?"

ते दाणे म्हणजे कारखान्याची अक्षरं. बाबूला समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हिरमुसला की शेवटी मलाच त्याला चहा पाजावा लागला. इतक्या प्रेमाने केलेलं वाटोळं मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझ्या जुन्या डब्यांतून आणि मुंबईच्या भंगारबाजारातून बहुतेक बोल्टांची सोय लागली. अडले ते पंख्याचे चार. रेडिएटरमागे जो पंखा फिरतो तो मधोमध चार बोल्टांवर बसवलेला असतो. बॉनेट उघडलं की पहिली नजर तिथेच जाते. बारीक आट्याचे, अमुक लांबीचे, तीच अक्षरं असलेले चार एकसारखे बोल्ट कुठेच मिळेनात. रॅली तर तोंडावर आली.

एका सकाळी घराच्या मागे पंप फटफटत होता. आमच्या वाड्यांत केळीला आणि पानवेलीला पाणी द्यायला विहिरीवर तेलावर चालणारे पंप असत, त्यांतले कितीतरी इंग्लिश, डॉक्टरच्या काळीच्याच वयाचे. मी दात घासता घासता थांबलो. गाडीवाले काय आणि पंपवाले काय, बोल्ट घडवणारा कारखाना एकच असू शकतो.

मग मी सायकलवर टांग मारून निघालो. खिशात पाना, चिंधी आणि पंपाच्या मालकाला बदल्यात द्यायला नवे कोरे बोल्ट. ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं. पंपासमोर मी गुडघे टेकून चिंधीने एकेक डोकं पुसतो आहे आणि मालक मागे उभा राहून विचारतो आहे, "काय रे, दिसली का अक्षरं?" अख्ख्या गावाला मामीची पैज माहीत झाली होती. कुठे शहाळं, कुठे केळी, कुठे चहा. लोक स्वतःच पंप पुसून ठेवायला लागले. गोपाळशेठने तर जूचंद्रहून पोतंभर बोल्ट आणून ओतले, सगळे ट्रॅक्टरचे. "बघ दादा, यात निंगल कायतरी." निघालं काहीच नाही, पण त्याच्यासमोर मी पोतं पूर्ण उपसलं.

बहुतेक पंपांना जाड आट्याचे बोल्ट होते. बारीक आट्याचे, तीच अक्षरं, तीच लांबी असलेले चार बोल्ट मिळाले ते एकाच पंपाच्या बाजूच्या झाकणावर. तो पंप पावलूकाकाचा होता.

काका तिथेच विहिरीच्या काठावर बसला होता. मी काय शोधतोय ते त्याला ठाऊक होतं आणि मला सापडलं हे माझ्या तोंडावरून कळलं असणार.

"मिळाले?"

"मिळाले, काका."

"चारी?"

"चारी."

त्याने पंपावर हात टेकला. पंप डॉक्टरांनीच त्याला घेऊन दिला होता, गाडी घेतली त्याच वर्षी. मग तो उठला, माझ्या हातातला पाना घेतला आणि स्वतः बोल्ट सोडवायला लागला.

"काका, विचार करा. छप्पर राहील."

"वैनी हरली तर गाव म्हणेल, पावलूने बोल्ट दिले नाय म्हणून हरली. मला जिंकायचंय, पण तसं नाय." चारही बोल्ट माझ्या तळहातावर ठेवून तो म्हणाला, "आणि मी रॅलीला येणार. मागच्या सीटवर. कोंबड्या खाली उतरव."

पंप उघडा ठेवता येईना, म्हणून त्याच्या झाकणाला मी बाबूने चमकवलेले चार बोल्ट लावले. मापाने तेच होते, मुलाम्याने जाड झालेले आटे तेवढे साफ करावे लागले. तेलकट, काळ्या पंपावर चार आरसे. काकाला ते फार आवडले. पाहुणा आला की विहिरीवर नेऊन दाखवायचा.

नवे बोल्ट, म्हणजे जुने, बाबूकडे नेले तेव्हा मी घासायच्या चाकासमोर स्टूल टाकून बसलो आणि काम संपेपर्यंत उठलो नाही. बोल्ट कॅडमियममधून मंद राखाडी निघाले. बाबूने ते कपड्यात बांधून दिले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हे माझ्या दुकानातून गेले असं कुणाला सांगू नका."

रॅलीला मामीने गाडी स्वतः चालवत नेली. लाल लुगडं, केसांत सोनचाफा, डिकीत सुकेळ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या सुकवलेल्या केळ्यांचा, करंडा. मी शेजारी, मागे पावलूकाका आणि बाबू. बाबूच्या खिशातला फडका मी निघतानाच काढून घेतला होता.

तपासायला आलेले गृहस्थ वयस्क होते, पांढरी टोपी, हातात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा छोटा आरसा. त्यांनी दारं बघितली, डॅशबोर्डचे पेच बघितले, गाडीखाली आरसा घातला. पाण्याच्या नळीची पट्टी नवीन होती, तिथे गुण कापले. मग बॉनेट उघडलं आणि पंख्यापाशी थांबले. अंगठ्याने एकेक डोकं चाचपलं.

"हे बोल्ट याच गाडीचे?"

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"नाय साहेब. माझ्या विहिरीवरच्या पंपाचे हायत."

काका असं करेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. मामीचा चेहरा उतरला. गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पंप कुठला, कधीचा, कुणी घेतला, सगळं विचारलं. काकाने सरळ सरळ सांगितलं. बाबूच्या मखमलीपासून गोपाळशेठच्या पोत्यापर्यंत सगळं. ऐकता ऐकता ते गृहस्थ हसायला लागले, ते आरसा ठेवून द्यावा लागेपर्यंत हसले.

"बाजारातला नवीन बोल्ट असता तर मी मार्क कापले असते," ते म्हणाले. "हा तर त्याच कारखान्याचा, त्याच काळातला, फिनिश पण बरोबर. पस्तीस वर्षं तुमच्या विहिरीवर राहिला म्हणून काय झालं?"

त्यांनी निळी फीत मामीच्या हातात दिली. मामीने त्यांना सुकेळ्यांचा अख्खा करंडा दिला. बाबू रडायला लागला, त्याला फडका परत द्यावा लागला.

येताना वसई येईपर्यंत मी दम धरला, मग काकाला विचारलंच. कशाला बोललात? गप्प बसला असतात तरी चाललं असतं.

"वैनीला खोट्याची फीत चालली नसती," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तिला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो."

मामी चाक धरून समोर बघत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण गाडी तिने फार जपून चालवली, एरवी ती तशी चालवायची नाही.

आता त्या वाड्यांतले पंप गेले. विजेच्या मोटरी आल्या, मग विहिरीही बुजल्या. इंग्लिश बोल्टांसकट ते पंप भंगारात वजनावर गेले, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. पण उमेळ्यातला तो रस्ता अजून आहे. मामीने त्या छपराखालून पुढे कितीतरी वर्षं गाडी काढली, दर रविवारी मिस्सेला, आणि आमच्या घरच्या दोन लग्नांना.

तो रस्ता आखला गेला त्या सकाळी मी तिथे होतो. पावलूकाका चुन्याची पाटी घेऊन निघाला. इमारतीपासून रेघ सरळ ओढत आला, पार छपराच्या दारापर्यंत. तिथे मामी उभी होती. काका थांबला, मग डावीकडे वळला आणि छपराला वळसा घालून रेघ नेली, पण इतक्या लांबून की त्याच्या स्वतःच्या केळीची एक रांग त्यात गेली.

"पावलू, एवढं कशाला?" मामी म्हणाली. "छप्पर राहिलं की झालं."

काकाने मान वर केली नाही. चुना टाकत टाकत म्हणाला, "आणि तू गाडी मागे घेणार कुठून? जागा नको?"